बाड होम्बुर्गचे कुरपार्क: आणखी काही मुद्दे

जर्मनीतील बाड होम्बुर्गच्या कुरपार्कचे, म्हणजे जलोपचारासाठी येणाऱ्यांच्या उद्यानाचे, श्रेय काही जण एकट्या उद्यानरचनाकार पेटर योझेफ लेने यांना देतात. 1854 पासून आकाराला आलेला आराखडा त्यांचाच, यात वाद नाही. परंतु 1834 मध्ये एलिझाबेथ हा औषधी पाण्याचा झरा पुन्हा सापडला नसता आणि 1841 पासून ब्लांक बंधूंच्या जुगारगृहाने या छोट्या गावात पैसा व युरोपभरचे पाहुणे आणले नसते, तर एवढ्या विस्तीर्ण उद्यानाची गरजच भासली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळच्या जलोपचारात खारट पाणी घोटाघोटाने पीत, दोन पेल्यांच्या मध्ये सावकाश फेरफटका मारायचा असे, त्यामुळे तेथील सावलीच्या वाटा हा उपचाराचाच भाग होता. 1872 च्या अखेरीस जुगार बंद झाला, तरी उद्यान टिकले.

मला त्यातील सयामी मंडपाचे विशेष अप्रूप वाटते. सयामचा (आजच्या थायलंडचा) राजा चुलालोंगकोर्न 1907 मध्ये येथे उपचारासाठी राहिला आणि कृतज्ञतेपोटी त्याने हा मंडप गावाला भेट दिला. तो प्रत्यक्ष उभा राहिला मात्र राजाच्या निधनानंतर. टोकदार, चढत्या छपरांची ती वास्तू जर्मन वृक्षराजीत मुळीच उपरी वाटत नाही.