बँडनंतरची रात्रीची उलटी
ताई, वहिनींना वजन कमी करायला जठराभोवती बँड (आवळणारा पट्टा) बसवून चार वर्षं झाली, आता रात्री आडवं झालं की घशाशी येतं, खोकला सुटतो, आणि घरचे म्हणतात सराफ्यातलं, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं, खाणं बाधलं. सराफ्याला उगाच दोष नको. बँड जागचा सरकला की त्याच्या वरचा जठराचा भाग फुगतो, आणि बरेचदा आधी हेच दिसतं. माझ्या नणंदेची उशी सकाळी ओली असायची. आधी पोहे उतरेनात, मग पाणीही. इथे इंदूरलाच सर्जननी बेरियम पाजून एक्स-रे काढला, कातडीखालच्या पोर्टमध्ये (बँडला नळीने जोडलेल्या छोट्या डबीत) सुई घालून बँड फुगवणारं सलाइन काढलं, तेव्हा कुठे घोट उतरला. लाळही गिळवत नसेल किंवा पोटात सतत कळ असेल तर सकाळची वाट पाहू नका. जठराचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो.

उलट्या लांबल्या असतील तर बी-१ जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचं आपणहून विचारा. ते कमी पडून एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं म्हणजे फार उशीर होतोय.

उलटा प्रकारही असतो: उलटी नाही, भूक पूर्वीसारखी, वजन वाढतंय आणि पोर्टची जागा अचानक लाल. बँड जठरात रुतला असेल, एंडोस्कोपी करा. नुसत्या अँटिबायोटिकवर बोळवण करणारे भेटतात, तेव्हा ऑपरेशनची जुनी फाइल सोबत न्या.