समुपदेशन कक्ष आहे, पण मुलं फिरकत नाहीत. काय बदलावं?

तालुका_कॉलेज: आमचं तालुक्याच्या ठिकाणचं महाविद्यालय, अकरावी-बारावीही त्याच आवारात. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) तयारीत समुपदेशन कक्ष सुरू झाला. खोली कार्यालयाला लागून, काम मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे, वेळ दुपारी ३ ते ५, दारात नोंदवही. वर्षभरात कोणी आलं नाही म्हटलं तरी चालेल. वसतिगृहात मात्र झोप उडालेली, जेवण सोडलेली, परीक्षेला न बसणारी मुलं दिसतात. पूर्णवेळ समुपदेशकासाठी निधी नाही असं संस्था म्हणते. सुरुवात कुठून करावी? आणि कोणी मरणाची भाषा केली तर नेमकं काय करायचं?

समुपदेशक_पुणे: आधी ती नोंदवही उचला. शिपायापासून वर्गमित्रापर्यंत कुणालाही वाचता येणाऱ्या वहीत नाव लिहून कोणी मन मोकळं करायला येणार नाही. प्रत्येकाला क्रमांक द्या. कुठला क्रमांक कुणाचा याची यादी कुलूपबंद कपाटात, किल्ली एकाकडेच. प्राचार्यांना आणि नॅकला फक्त एकूण भेटींचा आकडा द्या. पाच-सहाच मुलं आली असतील तर विषयवार आकडेही देऊ नका, लहान कॉलेजात तेवढ्यावरून मूल ओळखू येतं.

३ ते ५ ही वेळ खेड्यावरून येणाऱ्यांच्या एसटीची. गाडी चुकवून मुली थांबणार नाहीत. सकाळच्या सत्रातला एखादा तास ठेवा आणि बुडालेल्या तासासाठीच्या चिठ्ठीवर 'समुपदेशन' हा शब्द नको. खोली कार्यालयापासून लांब, जिथे मुलं एरवीही जातात अशा ठिकाणी हवी, ग्रंथालयाच्या बाजूला वगैरे.

सगळ्यात मोठी अडचण प्राध्यापकांची आहे. जे अंतर्गत गुण देतात त्यांच्यापुढे मूल रडणार नाही. शिवाय मानसशास्त्र शिकवणं आणि समुपदेशन करणं ही वेगवेगळी कामं आहेत. त्यांनी पहिली विचारपूस करावी आणि पुढे जोडून द्यावं, एवढंच. आठवड्यातून एक दिवस बाहेरचा समुपदेशक बोलवा. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून खर्च वाटून घेतला तर जमतं. एक भेट ४५-५० मिनिटांची, दिवसाला पाचच्या वर नकोत आणि एक वेळ तातडीच्या मुलासाठी मोकळी ठेवा. निकालाच्या आठवड्यात तीच उपयोगी पडते. नेमताना एमए आणि देखरेखीखाली केलेलं काम, दोन्ही विचारा. कोणी 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र पुरेसं नाही.

नियम_वाचणारा: निधी नाही हे उत्तर आता चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २५ जुलै २०२५ च्या निकालानुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण आणि हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावणं हेही त्यात आहे. संस्थेला पत्र देताना या निकालाचा उल्लेख करा.

वॉर्ड_ते_ओपीडी: शेवटच्या प्रश्नाबद्दल. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हटलं तर पुढचे तीन प्रश्न: कसं करायचं ठरवलंय, साधन हाताशी आहे का, कधी? साधन आणि वेळ ठरली असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा रुग्णालयात ती सोय असते. आधी फोन करून ओपीडीचा दिवस विचारा. काही घेतलं असल्याचा नुसता संशय आला तरी १०८.

सर्रास होणारी चूक म्हणजे घाबरून मुलाला गावी पाठवून देणं. शेतकऱ्याच्या घरी फवारणीचं औषध गोठ्यात, माळ्यावर, हाताला येईल तिथे असतं. पाठवायचंच असेल तर पालकांना समोर बसवून सांगा: औषधाचे डबे आणि घरातल्या गोळ्या आजच कुलपात ठेवा, किल्ली मोठ्यांकडे. पोलीस केसच्या भीतीने रुग्णालयात नेणं टाळू नका. रुग्णालय एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) करेल, पण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, उलट सिद्ध झालं नाही तर, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा होत नाही.

आणखी एक. वर्गात सरसकट पीएचक्यू-९ (नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) वाटू नका. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो भरून घेतला की त्याच दिवशी वाचून संबंधित मुलाशी बोलायला हवं. गठ्ठा आठवडाभर कपाटात पडणार असेल तर वाटूच नका.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वसतिगृहाच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर आतून चिकटवा. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सूचना फलकासमोर उभं राहून हा क्रमांक कोणी लिहून घेत नाही.

तालुका_कॉलेज: आभार. अकरावी-बारावीच्या मुलांना 'सगळं गुप्त राहील' असं सांगू शकतो का?

समुपदेशक_पुणे: तसं कुणालाच सांगू नका. पहिल्याच भेटीत मर्यादा सांगा: जिवाला धोका असेल तर घरच्यांना कळवावं लागेल. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मूल बोलून बसल्यावर हे सांगितलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि ते पुन्हा येत नाही. बाकी गोष्टी वर्गशिक्षकांनाही सांगायच्या नाहीत, हेही त्याच भेटीत सांगा.