मेलबर्न ते उलुरू: सप्टेंबरच्या सुट्टीत तंबू घेऊन मोटारीने जावे का?

पायवाट:

नमस्कार. आम्ही मेलबर्नला राहतो. सप्टेंबरअखेर शाळांना दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि त्या सुमारास माझे सासू-सासरे कोल्हापूरहून आलेले असतील. त्यांना नुसती शहरे न दाखवता हा देश रस्त्याने दाखवावा, असे आमच्या मनात आहे. बेत असा: ग्रेट ओशन रोडने पश्चिमेकडे जायचे, ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांत मुक्काम करायचा, अॅडलेडवरून फ्लिंडर्स रेंजेस गाठायच्या, पुढे कूबर पीडी या खाणींच्या गावामार्गे देशाच्या मध्यावरचा उलुरू हा प्रचंड खडक, आणि त्याच वाटेने परत. गाडी आमचीच आहे, साधी टू-व्हील ड्राइव्ह. आम्ही दोघे आणि नऊ वर्षांची मुलगी तंबूत झोपू, तर सासू-सासऱ्यांसाठी त्याच कॅरव्हॅन पार्कमध्ये केबिन घेऊ.

सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात कोल्हापूर-मुंबई प्रवास रात्रीच केलेला असल्यामुळे त्यांचे म्हणणे असे की, मोठी अंतरे रात्री कापावीत, म्हणजे दिवस फिरायला मोकळा राहतो. हे इथे कितपत शहाणपणाचे आहे? शिवाय मेलबर्नची हवा दुपारी एक आणि संध्याकाळी भलतीच असते हे आम्ही रोज पाहतो, पण ती तंबूत राहून सोसण्याचा अनुभव नाही. समुद्रकिनाऱ्यापासून वाळवंटापर्यंत एकाच सामानात कसे भागवावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अॅडलेडकर:

रात्रीचा प्रवास हा विचार आधी बाजूला ठेवा. आपल्याकडे रात्री रस्त्यावर वर्दळ असते, ढाबे उघडे असतात, काही झालेच तर पाच मिनिटांत माणूस येतो. इथे गाव सोडले की अंधारात आपली गाडी एकटी असते आणि कांगारूंच्या चरण्याची वेळ नेमकी तीच असते. संध्याकाळी ऊन उतरले की ते झाडीतून बाहेर पडतात आणि पहाटेपर्यंत चरतात. डांबरी रस्त्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी दोन्ही कडांना मुरते, त्यामुळे आजूबाजूचे रान वाळलेले असले तरी रस्त्याच्या कडेचे गवत हिरवे राहते. साहजिकच कांगारू तिथेच गोळा होतात. दिव्यांचा झोत अंगावर आला की ते कोणत्या बाजूला उडी घेतील याचा काही नेम नसतो.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो. चार वाजता तंबूच्या खुंट्या जमिनीत गेलेल्या असाव्यात असे धरून चालावे आणि सकाळी ऊन नीट वर आल्याखेरीज गाडी बाहेर काढू नये. हे दोन काटे ठरले की दिवसाकाठी ४०० ते ५०० किलोमीटरच पदरात पडतात, तेही मध्ये कुठे मनसोक्त न थांबता. मेलबर्न ते उलुरू हे अंतर सरळ रस्त्याने गेले तरी एका बाजूने सुमारे २,३०० किलोमीटर आहे. समुद्राकडचा वळसा आणि परतीचा प्रवास धरला तर सुट्टी गाडीतच संपेल आणि सासूबाईंना आठवणीत फक्त पेट्रोल पंप राहतील.

दिवसासुद्धा गाफील राहून चालत नाही. एमूंचा कळप कुंपणाच्या कडेने गाडीबरोबर धावत राहतो आणि अचानक आडवा येतो. वसंतात, म्हणजे इथे सप्टेंबर ते नोव्हेंबर, बहुधा नर एमू पट्ट्यापट्ट्यांच्या पिलांना घेऊन फिरत असतो; अंडी उबवण्यापासून पिले सांभाळण्यापर्यंतचे सगळे तोच करतो, तेव्हा एक ओलांडला म्हणून लगेच वेग वाढवू नये. मेलेल्या कांगारूवर बसलेला मोठा गरुड, वेज-टेल्ड ईगल, दिसला तर लांबूनच वेग कमी करावा, कारण पोटभर खाल्लेल्या त्या पक्ष्याला हवेत उठायला वेळ लागतो आणि उठताना तो कित्येकदा रस्त्यावरच येतो. काहीही आडवे आले तरी ब्रेक सरळ रेषेत दाबावा आणि स्टिअरिंग वळवू नये. अशा वेळी गाडी झाडावर गेल्याने किंवा उलटल्याने माणसे दगावतात. कांगारूला धक्का बसलाच, तर गाडी सुरक्षित जागी उभी करून मादीची पिशवी पाहावी. आत जिवंत पिल्लू असेल आणि ते स्तनाला घट्ट धरून असेल तर ओढून काढू नये, त्या राज्याच्या वन्यजीव बचाव सेवेला फोन करावा.

माझे स्पष्ट मत असे की उलुरू या खेपेला सोडावे आणि फ्लिंडर्स हाच शेवटचा टप्पा धरावा. अॅडलेडपासून फ्लिंडर्समधले विलपिना सुमारे ४३० किलोमीटर आहे आणि तिथवर रस्ता पूर्ण डांबरी आहे. वाटेत हॉकर गावाच्या अलीकडे कान्याका येथे दगडी घरांचे भग्न अवशेष उभे आहेत, तिथे सासऱ्यांना अवश्य उतरवा. १८६५ साली सर्वेक्षक जॉर्ज गॉयडर याने घोड्यावरून हिंडून, कोणत्या रेषेच्या उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, ते नकाशावर आखून दिले होते. पुढे दशकभराने चार बरी वर्षे आली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले, रेषेपलीकडे गहू पेरला, आणि दुष्काळ परतल्यावर शेते टाकून निघून गेले. आज गाडीच्या काचेतून ती रेषा डोळ्यांना दिसते: या बाजूला गव्हाची हिरवी शेते, त्या बाजूला सॉल्टबुशची करडी झुडपे.

ब्राचिना घळीत पहाटे किंवा उन्हे कलताना दगडांच्या उतारावर पिवळ्या पायांचे रॉक वॉलबी, म्हणजे लहान कांगारूंसारखे प्राणी, दिसतात. त्यांच्या शेपटीवर आडवे गडद पट्टे असतात आणि ते हलले नाहीत तर समोर असूनही दिसत नाहीत. घळीतला रस्ता कच्चा आहे, त्यामुळे आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर साध्या गाडीने आत जाऊ नये. सेंट मेरी शिखराच्या माथ्यावर जाऊ नये अशी तिथल्या आद्न्यामाथान्हा या मूळनिवासी लोकांची विनंती आहे. खालच्या वाटा भरपूर आहेत.

चार ऋतू:

हवेबद्दल मी लिहितो, कारण मेलबर्नच्या आसपास तंबू ठोकण्यात माझे बरेच शनिवार-रविवार गेले आहेत.

हवामानाचा नकाशा पाहताना तापमानाआधी वाऱ्याची दिशा पाहायची सवय लावून घ्या. उच्च दाबाचा पट्टा पूर्वेकडे सरकला की देशाच्या आतल्या कोरड्या प्रदेशावरून उत्तरेचा वारा सुटतो आणि दुपार चांगली गरम होते. मागोमाग नैर्ऋत्येकडून शीत आघाडी येते, वारा काही मिनिटांत पश्चिमेकडे फिरतो, पारा तासाभरात दहा-पंधरा अंशांनी उतरतो आणि पाऊस किंवा गारा सुरू होतात. इथे याला ‘कूल चेंज’ म्हणतात आणि हवामान खाते त्याची अंदाजे वेळही देते.

यात नवख्याची फसगत अशी होते की तो दुपारी पोहोचतो, उत्तरेचा वारा अंगावर घेतो आणि त्या वाऱ्याला पाठ करून तंबू लावतो. रात्री वारा फिरतो आणि तंबूच्या दारातून आत शिरतो. म्हणून आघाडी येणार असेल त्या दिवशी, दुपारची हवा कशीही असो, तंबूची पाठ नैर्ऋत्येला आणि दार पूर्वेच्या अंगाला ठेवावे, बाहेरच्या आच्छादनाचे सगळे दोर ताणून बांधावेत आणि स्वयंपाकासाठी बांधलेले कापडी छत झोपण्यापूर्वी उतरवून ठेवावे. खुंट्या तंबूबरोबर मिळतात त्या बारीक तारेच्या असतात, त्या घरीच ठेवा. किनाऱ्याच्या वाळूसाठी रुंद आणि फ्लिंडर्सच्या खडकाळ जमिनीसाठी जाड पोलादी, अशा दोन जाती न्याव्यात.

ग्रेट ओशन रोडवरच्या ओटवेच्या जंगलाचा भाग व्हिक्टोरियातल्या सर्वांत पावसाळी प्रदेशांपैकी आहे, त्यामुळे तिथे एक रात्र ओली जाणार हे गृहीत धरावे. त्याचे उट्टे त्याच रस्त्यावरच्या केनेट रिव्हर गावाला निघते, जिथे मान वर करून चालले की निलगिरीच्या फांदीच्या बेचक्यात कोआला झोपलेला दिसतो. वसंतात रात्री नर कोआला ओरडतो तेव्हा मात्र मुलीला आधी सांगून ठेवा, नाहीतर एवढ्याशा प्राण्याचा तो खर्जातला आवाज ऐकून ती तंबूत झोपायची नाही.

ग्रॅम्पियन्सपासून पुढे सगळीकडे लागू पडणारी सूचना झाडांविषयी आहे. कोरड्या ओढ्यांच्या काठी रिव्हर रेड गमचे भले थोरले वृक्ष असतात, खाली सपाट वाळू आणि गार सावली असते, आणि कोणालाही तिथेच पथारी पसरावीशी वाटते. हे झाड वारा नसतानाही, कडकड आवाजाची पूर्वसूचना न देता, मांडीएवढी फांदी खाली टाकते. जेवायला पाच मिनिटे बसलात तर ठीक. तंबू मात्र फांद्यांच्या घेराबाहेरच हवा. ओढ्याच्या पात्रात तर अजिबात नको, कारण डोंगरात कुठेतरी लांब पडलेला पाऊस आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना लोंढा होऊन येतो.

लाल माती:

मी अॅलिस स्प्रिंग्सला नोकरीनिमित्त राहतो. रात्रीच्या प्रवासाबद्दल अॅडलेडकर म्हणतात ते शंभर टक्के बरोबर आहे, पण उलुरू सोडायला सांगतात ते मला पटत नाही. ग्रेट ओशन रोड तुमच्या घरापासून दोन तासांवर आहे, तो कोणत्याही शनिवारी होईल. सासू-सासरे पुन्हा इतक्या लांब कधी येतील, याचा विचार करा आणि किनाराच वगळा. अॅडलेडपर्यंत सरळ या, फ्लिंडर्स पाहा, कूबर पीडी करा, उलुरूला पोहोचा, आणि ज्येष्ठांना उलुरूजवळच्या युलारा गावाच्या विमानतळावरून थेट मेलबर्नला पाठवा. गाडी परत न्यायला तुमच्यापैकी दोघे जण आळीपाळीने चालवतील, तेही दिवसाउजेडीच. कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचाही पर्याय आहे, मात्र करारातील अटी वाचून घ्या, कारण शहराबाहेर रात्री चालवणे आणि कच्चे रस्ते यांना अनेक करारांत मनाई असते.

पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेला स्टुअर्ट हायवे लागतो. ग्लेनडॅम्बो ते कूबर पीडी या सुमारे २५० किलोमीटरच्या टप्प्यात पेट्रोल मिळत नाही, म्हणून ग्लेनडॅम्बोला टाकी अर्धी भरलेली दिसली तरी पुन्हा भरावी. समोरून रोड ट्रेन येतात, म्हणजे एकाच ट्रकमागे तीन-चार ट्रेलर, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. तिला ओलांडताना पुढचा रस्ता किलोमीटरभर तरी मोकळा दिसायला हवा. कूबर पीडीत जमिनीखाली खोदलेल्या जागेत तंबू लावायची सोय आहे. तिथे ना वारा ना पाऊस, मुलीला फार मजा येईल.

इकडची हवा वेगळ्या तऱ्हेने फसवते. सप्टेंबरअखेर दिवसा २७-२८ अंश असतात आणि पहाटे पारा दहाच्या आसपास, कधी त्याखालीही जातो. दुपारी टोपी आणि पाणी, पहाटे लोकरीची कानटोपी, असे दोन्ही एकाच पिशवीत लागते. स्लीपिंग बॅग शून्य अंशाची घ्यावी आणि खाली गादी नीट असावी, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. उलुरूवर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद आहे. पायथ्याभोवतीची वाट सुमारे १० किलोमीटरची आहे आणि सकाळी लवकर केली तर ज्येष्ठांनाही तिचा थोडा भाग सहज जमतो. काटा ज्युटा या जवळच्या खडकांच्या घुमटांमधल्या व्हॅली ऑफ द विंड्सची पुढची वाट ३६ अंशांचा अंदाज असेल त्या दिवशी बंद करतात. राष्ट्रीय उद्यानात मुक्काम करता येत नाही, युलाराच्या कॅम्पग्राउंडमध्येच राहावे लागते आणि सुट्टीत ते भरून जाते. तिथे डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, फिरतात. ते माणसाच्या वाटेला सहसा जात नाहीत, पण चपला आणि अन्नाचे डबे उघड्यावर ठेवले तर सकाळी सापडणार नाहीत. माशांसाठी डोक्यावरची जाळी घ्या. फोटोत विचित्र दिसते, पण तोंड उघडून बोलता येते.

पायवाट:

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांना कांगारूंचे वेळापत्रक वाचून दाखवले, रात्रीचा विषय मिटला. किनारा वगळण्याचे जवळजवळ ठरले आहे. आता दोनच प्रश्न. सासूबाईंना सापांची फार धास्ती आहे, त्यांना काय सांगावे? आणि स्वयंपाकाचे सामान किती न्यावे? त्या लिंबे, मिरच्या, टोमॅटो सगळे इथूनच भरून घ्यायच्या बेतात आहेत.

अॅडलेडकर:

लिंबे, मिरच्या, टोमॅटो अजिबात आणू नका. फळमाशीचा बंदोबस्त म्हणून व्हिक्टोरियातून दक्षिण ऑस्ट्रेलियात ताजी फळे आणि फळभाज्या आणायला बंदी आहे. काही महामार्गांवर नाके आहेत, बाकी ठिकाणी अचानक तपासणी होते, आणि दंड चांगला घसघशीत असतो. हद्दीपूर्वी कचरापेट्या ठेवलेल्या असतात, तिथे सगळे टाकावे लागेल. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, डाळ-तांदूळ आणि लहान कुकर एवढे पुरे. ताजी भाजी अॅडलेडला आणि पोर्ट ऑगस्टाला मिळते. शेगडी गॅसची घ्या. लाकडे पेटवण्यापूर्वी त्या जिल्ह्यात टोटल फायर बॅन, म्हणजे उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी, जाहीर झाला आहे का ते रोज सकाळी पाहावे लागते, आणि त्या दिवशी गॅस कुठे चालतो, कुठे नाही, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

सापांबद्दल सासूबाईंना खरे तेच सांगावे. वसंतात ते बाहेर पडतात, ब्राउन स्नेक अतिशय विषारी आहे, पण देशभरात सर्पदंशाने वर्षाला दोन-तीनच माणसे दगावतात. अंधारात तंबूबाहेर पडताना बॅटरी आणि बंद बूट, उंच गवतातून आडवाटेने न जाणे, आणि तंबूची चेन कायम लावलेली, एवढे पाळावे. गाडीत दोन-तीन रुंद लवचीक बँडेज ठेवा. दंश झालाच तर जखम धुऊ नये, कापू नये. हात किंवा पाय बोटांपासून वरपर्यंत घट्ट गुंडाळावा, काठी बांधून स्थिर करावा, माणसाला चालू देऊ नये आणि ०००ला फोन करावा. विष लसिकावाहिन्यांतून पसरते आणि हालचाल थांबली की त्याचा वेग मंदावतो. हायवे सोडला की मोबाइलची रेंज जाते, म्हणून उपग्रहावर चालणारा आपत्कालीन बीकन बरोबर असावा.

रस्त्यात मात्र त्यांना साप म्हणून जे दिसेल ते बहुतेक वेळा शिंगलबॅक असेल, अननसाच्या सालीसारख्या खवल्यांची, आखूड शेपटीची सुस्त पाल. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती ऊन खायला डांबरावर येऊन बसते आणि एक दिसली तर जोडीदार जवळपास असतो, कारण त्यांच्या जोड्या वर्षानुवर्षे टिकतात. मागून गाडी येत नसेल तर वेग कमी करून तिला वळसा घाला.