सोसायटीच्या ग्रुपवर: उद्याचा बंद रस्ता, चुका (बारीक खिळे) आणि गतिरोधक

जोशी काकू (बी ३०४): उद्या सायकल शर्यतीसाठी मेन रोड बंद आहे हे कुणाला आधी माहीत होतं का? ह्यांचं डायलिसिस ११ ला असतं. मला आत्ता संध्याकाळी ७ वाजता वॉचमनकडून कळतंय. नेहमीचा रिक्षावाला नाही म्हणाला. कुठून नेऊ सांगा.

सेक्रेटरी (ए ६०१): काकू, शनिवारीच नोटीस लिफ्टजवळ लावली आहे.

जोशी काकू (बी ३०४): बी विंगची लिफ्ट महिनाभर बंद आहे. आम्ही जिन्याने चढतो-उतरतो. नोटीस कुठे दिसणार?

सेक्रेटरी (ए ६०१): लिफ्टचा विषय मीटिंगमध्ये झालेला आहे. कृपया इथे नको. 🙏

पाटील (सी १०१): शर्यतीसाठी शाळेसमोरचे गतिरोधक काढलेत. परत कधी बसवणार?

शिंदे (बी ७०२): खड्ड्यांसाठी आपण अर्ज करून करून थकलो. आता एका आठवड्यात गुळगुळीत डांबर! म्हणजे करता येत होतं, फक्त आपल्यासाठी करायचं नव्हतं.

रोहन (सी ५०३): काका, रस्ता झाला ना शेवटी. पुणे ग्रँड टूर आहे ही, १९ ते २३ जानेवारी २०२६, एकूण ४३७ किमी. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या २.२ दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत भारतात पहिल्यांदाच होतेय.

शिंदे (बी ७०२): होऊ दे. मला ऑफिस गाठायचंय. दोन किलो चुका पसरा रस्त्यावर, पुढच्या वर्षी फिरकणार नाहीत 😂

देसाई (ए ४०२): माझ्याकडे सोफ्याच्या कामातल्या उरल्यात, घेऊन जा 😂😂

रोहन (सी ५०३): 😂 आपला दूधवाला जिंकेल मग, त्याचे टायर घट्ट आहेत

सबनीस (ए १०२): शिंदे, देसाई, हसू नका. मी तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरलो आहे. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ व्हायचं म्हणून सराव करायचो, त्यामुळे बोलतो. चढावर दम लागतो, जीव जातो तो उतारावर. कात्रजच्या उतारावर माझं पुढचं टायर एकदाच बसलं होतं. हँडल हातात राहत नाही. ब्रेक दाबला तर आपण पुढे फेकले जातो, आणि मागचे सगळे आपल्यावर येतात.

स्कॉटलंडमध्ये हे खरंच झालंय. मे २००९, पर्थशायरमध्ये पिटलॉक्रीहून निघणारी एताप कॅलेडोनिया सायकल शर्यत. १३० किमी, सुमारे ३,५०० हौशी सायकलस्वार, बरेचजण कर्करुग्णांच्या मदतीसाठी पैसे जमवणारे. रविवारी सकाळी रस्ते बंद म्हणून गावातल्या काही लोकांचा विरोध होता. तोही खोटा नव्हता. पण कुणीतरी रस्त्यावर गालिच्याच्या चुका टाकल्या. शेकडो टायर फुटले, शर्यत तासाभराहून जास्त थांबवावी लागली. पुढच्या वर्षी शर्यत परत झालीच. गावाच्या तक्रारीबद्दल कोण बोललं? बातमी फक्त चुकांची झाली.

पाटील (सी १०१): शाळेसमोरचे गतिरोधक परत कधी बसवणार?

शिंदे (बी ७०२): काका, गंमत होती. तुम्ही तर कोर्टातच उभं केलंत.

सबनीस (ए १०२): या ग्रुपवर ११० माणसं आहेत. त्यातली नववी-दहावीची पोरं किती, माहीत नाही. त्यांना गंमत कुठे संपते ते कसं कळावं?
२०१२ च्या टूर द फ्रान्समध्येही मूर द पेगेर या चढाच्या माथ्यावर चुका टाकल्या होत्या. जवळपास ३० जणांचे टायर गेले. आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्स अडकला. पिवळी जर्सीवाल्या, म्हणजे एकूण आघाडीवर असलेल्या विगिन्सने बाकीच्यांना सावकाश घ्यायला लावलं, नाहीतर काय झालं असतं! तरी किशेर्लोव्स्की नावाचा एक सायकलपटू पडलाच. कॉलरबोन मोडलं, शर्यत संपली त्याची.

देसाई (ए ४०२): बरोबर आहे काका. माझा मेसेज काढून टाकला.

कुलकर्णी (ए ३०१): एक विचारते, गणपतीत मांडव घालून रस्ता अडतो तेव्हा कुणी बोलत नाही. एका सकाळीसाठी एवढं?

शिंदे (बी ७०२): गणपतीला मध्ये आणू नका मॅडम. वर्गणी कोण देत नाही ते सगळ्यांना माहीत आहे.

कुलकर्णी (ए ३०१): पावती दाखवू का?

सेक्रेटरी (ए ६०१): कृपया विषयावर राहा. 🙏🙏

मीनाताई (बी २०१): माझी भाची इंग्लंडात सरेला असते. तिथे २०१३ पासून राइडलंडन शर्यत गावांतून जायची, रविवारी रस्ते बंद. म्हाताऱ्यांकडे मदतनीस पोचत नाहीत, दुकानं ओस, अशा तक्रारी होत्या. लोक लिहीत राहिले, कौन्सिलने मतं मागवली, भाचीनेही अर्ज भरला. २०१९ नंतर शर्यत तिकडे आली नाही. २०२२ ला ती एसेक्सकडे गेली. चिकाटी लागते, पण होतं.

सबनीस (ए १०२): हेच म्हणतोय मी. मला शर्यत हवी आहे, मी गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवणार आहे. पण जोशी काकूंना आदल्या संध्याकाळी कळणं हे चूकच. रस्ता किती ते किती बंद, पलीकडे कुठून जायचं, हे आठवडाभर आधी लेखी मिळायला हवं.

जोशी काकू (बी ३०४): ते पुढच्या वर्षीचं झालं हो. उद्याचं सांगा ना कुणीतरी.

शिंदे (बी ७०२): काकू, माझी गाडी आत्ता जाऊन मेन रोडच्या पलीकडे लावतो, मेडिकलसमोर. सकाळी ९ ला रोहन आणि मी काकांना खुर्चीवरून खाली आणतो. रस्ता पोलिसांना सांगून चालत ओलांडू. पुढे मीच सोडतो.

जोशी काकू (बी ३०४): तुमचं ऑफिस?

शिंदे (बी ७०२): बघतो मी.

रोहन (सी ५०३): चौकीवर मी आत्ताच जाऊन सांगून येतो, म्हणजे सकाळी वाद नको.

पाटील (सी १०१): शाळेसमोरचे गतिरोधक परत कधी बसवणार? शर्यत २३ ला संपेल, २४ ला मुलं त्याच रस्त्याने जाणार.

सबनीस (ए १०२): पाटील, बरोबर आहे तुमचं. अर्ज लिहितोय, गतिरोधक आणि आगाऊ सूचना दोन्ही. ९ वाजेपर्यंत सिक्युरिटीच्या टेबलावर ठेवतो. पहिली सही तुमची.