कोचीन बँटमच्या शेपटीखालची पिसं काळी पडलीत, प्रदर्शनाला ५ आठवडे आहेत

तलंग_सांगली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बुटक्या शोभेच्या कोंबड्या आहेत: ६ कोचीन बँटम (२ कोंबडे, ४ तलंगा म्हणजे तरुण कोंबड्या) आणि सेब्राइटची १ जोडी. कोंबड्यांचं प्रदर्शन ५ आठवड्यांवर आलंय. पावसाळा संपल्यापासून तीन कोचीनच्या शेपटीखालची पिसं काळपट, चिकट झालीत आणि बुडाशी पांढरे खडे धरलेत. एका कोंबड्याच्या पायाचे खवले उचललेत, खाली पांढरी पापडी आहे. खुराडं लाकडी, खाली भाताचं तूस. चुलीची राख आणि कडुलिंबाचा पाला चालू आहे, पण काही फरक नाही. औषध कोणतं, किती, आणि अंघोळ कधी घालायची? गुरांसाठीची आयव्हरमेक्टिनची (किडे-जंतांवरच्या औषधाची) बाटली घरात आहे, ती चालेल का?

खुराडं_चिपळूण

औषधाच्या आधी किडा ओळखा, कारण प्रत्येकाचं घर वेगळं असतं.

दुपारी उजेडात पक्षी उताणा धरा आणि शेपटीखाली फुंकर मारून पिसं उघडा. गव्हाळ रंगाचे, चपटे, झरझर पळणारे दिसले तर त्या उवा. बुडाशी खड्यासारख्या धरलेल्या त्यांच्या लिखा. टाचणीच्या टोकाएवढे काळपट ठिपके तुमच्या हातावर चढायला लागले तर तो दिवसरात्र अंगावरच राहणारा माइट, म्हणजे कोळ्याच्या जातीचा अगदी बारीक किडा. पिसं काळी पडतात ती त्याच्या घाणीनं. तुमच्या वर्णनावरून दोन्ही असावेत.

तिसरा, लाल माइट, दिवसा अंगावर सापडतच नाही. तो लाकडाच्या फटीत लपतो आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतो. खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची सुरळी करून कोंबड्या बसतात त्या दांडीखाली दोऱ्यानं बांधा. दोन रात्रींनी सकाळी ती पांढऱ्या कागदावर झटका. मिरपूड सांडल्यासारखी दिसेल आणि मग ती मिरपूड चालायला लागेल. बोटानं चिरडल्यावर लाल रेघ उमटली तर तोच.

अंगावरच्या दोघांसाठी ०.२५ टक्के परमेथ्रिनची भुकटी वापरा. शेपटीखाली, दोन्ही पंखांखाली आणि मानेच्या मागे पिसं उचलून थेट कातडीपर्यंत चोळा. एका बँटमला सगळी मिळून लहान चमचाभर पुरे. डोळे आणि चोच फडक्यानं झाका. भुकटीनं लिखा मरत नाहीत, त्या ४ ते ७ दिवसांत फुटतात. म्हणून ७व्या आणि १४व्या दिवशी पुन्हा लावायचीच. पहिल्या हातानंतर पक्षी स्वच्छ दिसतो, लोक थांबतात आणि तीन आठवड्यांनी तीच रड. पक्षी बरे दिसत असले तरी सगळ्या आठांना लावा. घरात मांजर असेल तर तिला भुकटीपासून आणि ताज्या भुकटीच्या पक्ष्यांपासून लांब ठेवा, परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

राख बंद करा. लोळायला कोरडी माती-वाळू द्या, ती चांगलीच. पण राख दमट हवेत क्षारासारखी लागते आणि पिसं रखरखीत होतात, प्रदर्शनाच्या पक्ष्याला ते परवडत नाही.

गुरांचा_दवाखाना

आयव्हरमेक्टिनचा हिशेब आधी पाहा. १ टक्का इंजेक्शन म्हणजे १ मिलीत १० मिग्रॅ. गुरांना ५० किलोला १ मिली देतात. सेब्राइट कोंबडा ६०० ग्रॅमच्या आसपास असतो. त्याच हिशेबानं त्याच्या वाट्याला ०.०१२ मिली येतं, म्हणजे १०० युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर जेमतेम १ युनिट. सुईच्या बुडाशी अडकून राहणारं औषधसुद्धा त्याहून जास्त असू शकतं. ‘एक थेंब टाकला’ म्हणजे चौपट डोस झाला. मान टाकणं, लटपटणं, जिवाला धोका, सगळं त्यातून येतं. शिवाय अंडी किती दिवस खायची नाहीत हाही प्रश्न असतो. द्यायचंच असेल तर पक्षी काट्यावर तोलून पशुवैद्याकडूनच द्या.

जंतांसाठी आधी शीट तपासून घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं. पिपरेझिन फक्त मोठ्या गोल जंतांवर चालतं, पट्टकृमींवर नाही. फेनबेंडाझोल जास्त प्रकारच्या जंतांवर चालतं, पण नवी पिसं फुटत असताना दिलं तर ती पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. तुमचे पक्षी पिसं टाकत असतील तर आत्ता देऊ नका.

तुरा_आणि_पिसं

पायाचं सांगतो. खवल्यांखाली बिळं करणारा तो वेगळाच माइट आहे आणि पायावर पिसं असलेल्या कोचीनमध्ये लपून राहतो. पाय कोमट साबणपाण्यात १० मिनिटं बुडवा, मऊ टूथब्रशनं खालच्या दिशेनं घासा, नीट कोरडे करा आणि व्हॅसलीनचा जाड थर द्या. आठवड्यातून दोनदा, किमान ४ आठवडे. पापडी नखानं उपटू नका, रक्त येतं. जुन्या पद्धतीनं रॉकेल लावू नका, कातडी भाजते आणि पायाची पिसं खराब होतात. आणि खरं सांगतो, माइट मेला तरी उचललेले खवले लगेच बसत नाहीत, जुने गळून नवे यायला महिने जातात. तो कोंबडा या वेळी नेऊ नका. आजपासूनच त्याला वेगळं ठेवा.

बाकीच्यांना तिसऱ्या भुकटीनंतर किमान दोन आठवडे मोकळे द्या. अंघोळ प्रदर्शनाच्या ३ दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते, पक्षी चोचीनं ते तेल पुन्हा पिसांवर ओढतो, त्याला तेवढा वेळ लागतो. तीन घमेली घ्या. पहिल्यात कोमट पाणी आणि थोडा बेबी शाम्पू, दुसऱ्यात ५ लिटरला २ चमचे पांढरं व्हिनेगर, तिसऱ्यात साधं पाणी. साबण राहिला की पिसं चिकटून दोरीसारखी दिसतात. पाणी मानेच्या वर जाऊ द्यायचं नाही. कोचीनला ड्रायर कमी गरमीवर, पिसं फुलवत. सेब्राइटची पिसं अंगाला घट्ट बसलेली हवीत, म्हणून त्याला पिसांच्या दिशेनं पुसून उबदार जागी सुकवा.

दोन आठवडे आधीपासून रोज १५ मिनिटं प्रदर्शनाच्या पिंजऱ्यात ठेवा आणि छडीनं हलकेच उभं राहायला शिकवा. घाबरून कोपऱ्यात दबलेला पक्षी कितीही सुंदर असो, परीक्षकाला त्याची ठेवण दिसत नाही. आणि तेही शेपटीखाली फुंकर मारून बघतातच. एक जिवंत ऊ दिसली की पक्षी बाद समजा.

तलंग_सांगली

सगळ्यांचे आभार. पुठ्ठा झटकला, लाल रेघ उमटली. आता खुराड्याचं काय करू?

खुराडं_चिपळूण

पक्षी बाहेर डालग्याखाली ठेवा. तूस सगळं काढून जाळा. दांड्या उपसा, त्यांची टोकं जिथं टेकतात त्या खाचांत सर्वात जास्त सापडतील. तिथं उकळतं पाणी ओता, सुकू द्या. मग १.२५ टक्के डेल्टामेथ्रिन (कीटकनाशक) बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून प्रत्येक फटीत फवारा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून. विहीर किंवा माशांचा हौद जवळ असेल तर ते पाणी तिकडे वाहू देऊ नका. पूर्ण सुकल्यावरच पक्षी आत घ्या. एका आठवड्यानं पुन्हा फवारा. खुराडं नुसतं रिकामं ठेवून उपयोग नाही, हा माइट काही महिने उपाशी जगतो. नंतर फटी चुन्यानं लिंपून घ्या आणि दर पंधरवड्याला पुठ्ठा बांधत राहा. प्रदर्शनाहून आलेले पक्षी ४ आठवडे दुसऱ्या खुराड्यात ठेवा.