नाताळच्या गोठ्यासाठी हिरवळ

नाताळच्या सजावटीसाठी मुलांनी हाताने करायच्या म्हणून आपण आइस्क्रीमच्या काड्यांचे झाड आणि कापसाचा हिममानव या वस्तू सुचवल्या आहेत; त्या दोन्ही मुलांना आवडतील, यात शंका नाही. त्यांत येशूच्या जन्माच्या गोठ्याची भर घालावी, असे मला मनापासून वाटते. इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली खरे बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला होता. आज गोव्यात आणि वसईत नाताळात घरोघरी असा गोठा उभा राहतो.

छपरासाठी पुठ्ठ्याचे खोके आणि वाळलेले गवत पुरते. मुले खरी रमतात ती हिरवळ पेरण्यात. डिसेंबरच्या मध्यास मूठभर गहू किंवा नाचणी रात्रभर भिजवावी. नारळाच्या करवंटीचा डोळ्यांकडचा अर्धा भाग घेऊन त्यातला मऊ डोळा टोचावा, म्हणजे जास्तीचे पाणी निथळून जाते. मग बोटभर मातीवर दाणे दाट पसरावेत, वरून मातीचा पातळ थर द्यावा आणि रोज पाणी केवळ शिंपडावे, कारण ओतल्यास दाणे एका कडेला गोळा होऊन कुजतात. आठ-दहा दिवसांत गव्हाची पाती चांगली वर येतात.

मेंढ्या आणि मेंढपाळ दोन वाट्या कणीक व एक वाटी मीठ घट्ट मळून करावेत. बाजारच्या प्लास्टिकच्या मूर्तींपेक्षा मुलांच्या हातची वेडीवाकडी मेंढी मला कितीतरी मोलाची वाटते. किनारपट्टीच्या दमट हवेत मीठ ओल धरते, म्हणून या आकृत्या कडक उन्हात पूर्ण वाळवूनच रंगवाव्यात.