जंगलात न्यायला चाकू कोणता घ्यावा?

रानवारा_इंदूर:
मंडळी, मदत हवीये. मागच्या रविवारी चोरलजवळ मित्राच्या शेतावर तंबू ठोकला होता, पावसाने लाकडं वरून भिजलेली म्हणून आतलं कोरडं काढायला ओंडका चिरायला घेतला, चाकूच्या पाठीवर काठीने चार ठोके मारले आणि पातं मुठीतून निसटून माझ्या बुटाशेजारी चिखलात रुतलं. ऑनलाइन घेतलेला, पोकळ मूठ, टोपणात होकायंत्र, पाठीला मोठे दाते. आता नीट घ्यायचाय. पातं कार्बन स्टीलचं की स्टेनलेसचं? कुऱ्हाड पण घेऊ का?

महूचे_काका:
पाय वाचला बाबा, तेच खूप. पोकळ मुठीत पातं जेमतेम बोटभर आत असतं, ठोके खाऊन ते निघणारच. फुल टँग घे, म्हणजे पात्याचं लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत एकसलग. पातं चार इंच पुरे, ठोकून लाकूड चिरायचं असेल तर जाडी तीनेक मिलिमीटर हवी. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू मी बरीच वर्षं वापरतोय, त्यांच्या धारेचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो अख्खा दगडावर टेकवला की कोन आपोआप धरला जातो, नवशिक्यालाही धार लावता येते. त्यातले सगळे फुल टँग नसतात हं, बघून घे.
कार्बनला धार पटकन लागते पण आपल्याकडे पावसाळ्यात फार जपावं लागतं. मी एकदा ओल्या कातडी म्यानात रात्रभर ठेवला, सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. तू आळशी असशील तर सरळ स्टेनलेस घे.
कुऱ्हाड नको. मनगटाएवढ्या लाकडाला घडीची करवत घे, सियागंजमध्ये बागकामाच्या सामानात मिळते, ओढताना कापणारी बघ. कुऱ्हाड हुकली की थेट नडगीवर येते.

नर्मदाकाठ:
काकांशी सहमत, करवतीला तर दोन्ही हातांनी पाठिंबा. फक्त एक, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, शेतीची नि घरची अवजारं वगळून. आणि रालामंडलसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायचंच नाही, १९७२चा वन्यजीव कायदा आहे. शेतावरच शिक भिया.

माळवी_मुलगी:
लोहाराकडून करवून घे ना! आमच्या बाबांचा कोयता ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा आहे, माझ्यापेक्षा जुना असेल, अजून बाभळीच्या फांद्या सटासट उडवतो.

रानवारा_इंदूर:
काका, स्टेनलेस फुल टँग आणि करवत, ठरलं. दगड कोणता घेऊ?

महूचे_काका:
दोन बाजूंचा, एकीकडे ४०० नंबरची खरखरीत बाजू, दुसरीकडे १००० ची बारीक. आधी स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीवर हात बसव, पाणी मारत राहा, दाबू नकोस. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला की मग नव्या चाकूला दगड लाव.